मालूला बोलावणं

आमच्या पेणच्या आळीत कुणाकडे काही असलं की बोलावणं करायला सगुणाबाई जायच्या. हळदीकुंकू, बारसं, डोहाळजेवण, मुलींचा भोंडला. पदर कमरेला खोचायचा, दारात उभं राहायचं आणि घरातल्या एकेकीचं नाव घेऊन सांगायचं. नुसतं ‘सगळ्यांनी या’ त्यांना चालत नसे. “सगळ्यांनी म्हंजे कुणीच नाय,” म्हणायच्या. कुणी रुसलेली असली तर तिला दोनदा सांगायच्या. पंचवीस-तीस घरं, पण नाव कधी चुकलं नाही.

राहिलं ते एकदाच, आणि ते त्यांच्याच घरातलं.

१९९६ चं नवरात्र. सरोजिनीबाईंच्या अंगणात भोंडला होता. सगुणाबाई आळी फिरून घरी आल्या, तर त्यांची सतरा वर्षांची मालू दारात बसलेली.

“सगल्या पोरींना बोलावलंस. आनि मला?”

“घरच्यांना कसलं गो बोलावणं? चल, उठ.”

“नाय बोलावलंस तर मी नाय येत.”

“नको येऊ. पाटलीणबाई लागून गेलीस!”

सगुणाबाई भोंडल्याला गेल्या. खिरापतीतलं थोडं वाटीत झाकून मालूसाठी घेऊन आल्या, तर घर रिकामं. स्टँडवर कुणीतरी तिला रोह्याच्या एसटीत चढताना पाहिलं होतं. रोह्याला शोधलं, नागोठण्याला, निडीच्या स्टेशनावर. पोलिसांत कळवलं. मालू सापडली नाही.

तेव्हापासून शेवटचं घर झालं की सगुणाबाई स्वतःच्या दारात जाऊन उभ्या राहत आणि उंबऱ्याबाहेरून आत हाक मारत, “मालू, सरोजिनीबाईंकडं भोंडला हाय. यायचं हां, बाय.”

मी लग्न होऊन आळीत आले ती पुढच्याच वर्षी. पहिल्यांदा ती हाक ऐकली तेव्हा आत खरंच मुलगी आहे असं मला वाटलं. सासूबाईंना विचारलं, “ही मालू कधी दिसत कशी नाही?” पोळपाटावरून मान वर न करता त्यांनी सगळं सांगितलं. पुढे मला ऋजुता झाली. संध्याकाळी सगुणाबाईंची हाक आली की मी तिला उगाचच जवळ ओढून घ्यायची.

यंदा महिला मंडळाने मोबाइलवर ग्रुप काढला. “एक मेसेज टाकला की झालं. दारोदार कशाला आता?” मंडळाच्या श्यामलाताई म्हणाल्या. ते सगुणाबाईंना सांगायचं काम शेजारीण म्हणून माझ्याकडे आलं.

गुडघ्यांमुळे त्या खाटेवरच असतात. सगळं ऐकून घेतलं. “बरं झालं. पाय चालत नायत माझे. पन मग मालूला कोन सांगनार?”

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, “तिचा नंबर नाही ना आपल्याकडे.”

“म्हनून तर सांगाया लागतं, वहिनी. बोलावल्याबिगर यायची नाय ती. लय हट्टी.” दाराकडे बोट दाखवून म्हणाल्या, “तुमी सांगा. दाराभायेर जाऊन सांगा.”

नाही म्हणता आलं असतं. पण माझीही एकुलती एक. डोलवीला कंपनीत जाते, दुसऱ्या शिफ्टला घरी यायला बारा वाजतात. हे लिहितानाही माझा कान फाटकाच्या कडीकडे आहे. मी चपला घालून बाहेर गेले. “मालू, भोंडला आहे. ये.”

“असं नाय,” आतून सगुणाबाई म्हणाल्या. “तुमच्या हाकेत राग हाय. भिईल ती.”

ऋजुताला उशीर झाला की फोनवर माझा आवाज असाच होतो. तीही हेच म्हणते. मी पुन्हा हाक मारली.

“आता रडकी झाली. रडून बोलावल्यावर कोन येतं, वहिनी?”

ऋजुता लहान होती, पलीकडच्या अंगणात खेळत असायची, तेव्हा पानं घेतली की मी जिन्यातून हाक मारायची. ती येणारच हे ठाऊक असायचं. तशी हाक मारून पाहिली. “मालू, भोंडला आहे गं. यायचं हं.”

मग सगुणाबाई बोलल्या. हळू आवाजात, आणि माझ्याशी नव्हे.

“आलीस? चपला भायेर काढ.”

माझ्या चपला पायातच होत्या आणि मी उंबऱ्याच्या बाहेर होते. आत वाकून पाहायचा मला धीर झाला नाही.