लोकरीची चरबी

नवे घोंगडे पाण्यात भिजवले की त्या वासाने मला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला कराडचा नदीकाठ आठवतो. नदीतली वाळू काढणाऱ्या एका ठेकेदाराने समुद्रावरून जुनी मोटारहोडी आणली होती. तिच्या पाण्याखालच्या पंख्याला शिंपले दगडासारखे चिकटले होते. मेंढरे धुऊन कातरायला आलेले माझे वडील चार पैशांसाठी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून कातरीच्या टोकाने ते खरवडत होते. पुन्हा काही चिकटू नये म्हणून लोकर उकळून काढलेली चरबी हाताने पात्यांना चोळत होते. "मेंढक्या, पंख्याला मेंढराचा वास लावतुयास व्हय रं?" म्हणत होडीवरच्या ड्रायव्हरने गंमत म्हणून हँडल मारले. पंखा गर्रकन फिरला आणि पाणी लाल झाले. वडिलांची दोन बोटे गेली. त्याच हाताने त्यांनी ड्रायव्हरला खाली ओढले आणि त्याचे डोके पाण्यात दाबून धरले. बुडबुडे कमी होत गेले. "आबा, सोडा! मरंल त्यो!" मी किंचाळलो. वडिलांनी त्याला चिखलात फेकले, जखमेवर चरबी थापली. मी कातर उचलू लागलो, तर त्यांनी ती हिसकावून डोहात भिरकावली. "मेंढक्या म्हणून कुणीबी खेळ करतंय, अन् ह्या हातानं आज खून झाला असता. तू न्हाई कातर धरायची. शाळंत जा." पुढे बी.ए.चा कागद त्यांच्यापुढे ठेवला, तेव्हा त्यांनी आधी हात धोतराला पुसला आणि मग उरलेल्या तीन बोटांनी तो हळूच चाचपला.