अट्रॅक्टाबाईंच्या चार रात्री

लायट्रिम परगण्यातल्या आमच्या गावात अट्रॅक्टा गिलहूलीबाईंच्या तोंडून पहिल्या फटक्यात ‘हो’ ऐकलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. त्यांचे यजमान, देव त्यांना सुखात ठेवो, लग्नाचं विचारायला तीनदा आले होते. तिसऱ्यांदा बाहेर धो धो पाऊस नसता तर मी त्यांना तसंच परत पाठवलं असतं, असं बाई स्वतःच सांगत. आता यात एकट्या बाईंना बोल लावण्यात अर्थ नाही. आमच्याकडे रीतच आहे ती. चहा विचारला की आधी ‘नको’ म्हणायचं, दुसऱ्यांदा ‘उगाच कशाला त्रास’ म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा ‘बरं, अर्धा कप’ म्हणून तीन कप रिचवायचे. पहिल्यांदाच हो म्हणणाऱ्याला आम्ही हावरट म्हणतो आणि एकदाच विचारणाऱ्याला चिकट.

बाईंचा मुलगा कोलमन चौतीस वर्षांचा. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, चाकांची खुर्ची, बोलणं अडखळत, पण जीभ अशी तिखट की गावचा पाद्रीही त्याच्यापासून जरा लांबच बसायचा. यजमान गेल्यापासून अकरा वर्षं बाई एकट्याच त्याचं सगळं करत होत्या, आणि रात्री दोनदा उठून त्याची कूस बदलत होत्या. वय एकोणसत्तर, पाठ कामातून गेलेली. बहीण फिलोमिना दर उन्हाळ्यात समुद्रकाठच्या आपल्या कॅरव्हॅनमध्ये राहायला बोलवायची आणि बाई दर उन्हाळ्यात नको म्हणायच्या.

तालुक्याच्या गावात विसावाघर होतं. घरच्यांना चार दिवस दम खाता यावा म्हणून कोलमनसारख्यांना तिथे ठेवून घेत. सहा खोल्या, रात्रभर जाग्या नर्सा आणि पत्त्यांचा जोरदार अड्डा. किती रात्री द्यायच्या ते आरोग्य खात्याचं ऑफिस ठरवी. गरज जेवढी मोठी, रात्री तेवढ्या. अर्ज कोलमननेच भरला. “आई, तुला चार रात्री झोप हवीय आणि मला चार रात्री तुझा उकडलेला कोबी नकोय,” तो म्हणाला. “दोघांचंही भलं होईल.”

घर बघायला ऑफिसातून बाई येणार असं कळलं. शहाण्या माणसाने काय केलं असतं? आहे ते दिसू दिलं असतं. अट्रॅक्टाबाईंनी तीन दिवस घर घासलं. फाटकाला रंग दिला. कोलमनला पलंगावरून उचलायचं लोखंडी यंत्र शेडमध्ये नेऊन ताडपत्रीखाली झाकलं. पाहुण्यांसमोर तो सांगाडा कशाला? शेजारच्या पॅकीला सकाळी बोलावून त्याच्याकडून कोलमनला उचलून खुर्चीत बसवून घेतलं, आणि पोराच्या गळ्यात टाय बांधला.

आलेली बाई, हॅनेके, मूळची हॉलंडची. नोकरीत रुजू होऊन तीन आठवडे झालेले. तिने केकला एकदा नको म्हटलं आणि तिच्या ताटलीत तीन तुकडे पडले. बिचारी गडबडली, पण खाल्ले. मग कागद काढून विचारू लागली. रात्री कशा जातात? मजेत. पाठ कशी आहे? आहे तिथेच आहे. शेवटी तिने सरळ विचारलं की उन्हाळ्यात चार रात्री मिळू शकतील, हव्यात का?

“नको हो,” अट्रॅक्टाबाई म्हणाल्या, “कुणा गरजूला द्या.”

कोलमनने तोंड उघडलं. बाईंनी त्यात केक कोंबला.

हॅनेकेने लिहून घेतलं, आभार मानले आणि उठली. बाई तिला फाटकापर्यंत सोडायला गेल्या, अगदी गोगलगायीसारख्या, की मध्ये दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा विचारायला सवड मिळावी. हॅनेके गाडीत बसली आणि गेली. बाई ओल्या रंगाच्या फाटकाला धरून बराच वेळ उभ्या होत्या. बाईंना वाटत होतं, वळणावरून परत येईल.

पत्र आलं. कुटुंब समाधानी, गरज नाही, रात्री शून्य. कोलमन दोन दिवस आईशी बोलला नाही, आणि त्याच्यासारख्या बोलघेवड्याला ती शिक्षा स्वतःलाच होती. तिसऱ्या दिवशी त्याने फेरविचाराचा अर्ज धाडला आणि आईची शिकवणी लावली. तो हॅनेके व्हायचा.

“चहा घेणार?”

“नको रे, आत्ताच तर...”

“नापास.”

हे आठ दिवस चाललं. आठव्या दिवशी बाई पहिल्याच खेपेला ‘हो’ म्हणाल्या, आणि शनिवारी चर्चमध्ये जाऊन पाद्र्यापुढे पाप म्हणून त्याची कबुली देऊन आल्या.

दुसऱ्या भेटीला सगळं जसंच्या तसं ठेवलं होतं. लोखंडी यंत्र स्वयंपाकघराच्या मधोमध, त्यावर वाळत घातलेल्या चादरी. केक करायचा नाही असं ठरलं होतं. बाईंनी तो ओव्हनमध्ये लपवला होता आणि घरभर वास सुटला होता. पण मधल्या काळात ऑफिसातल्या लोकांनी हॅनेकेलाही शहाणं करून सोडलं होतं, की इथे तीनदा विचारायचं असतं. तिने ते वहीत उतरवून घेतलं होतं.

“चार रात्री हव्यात?” तिने विचारलं.

बाईंनी डोळे घट्ट मिटले. “हो.”

कोलमनची छाती फुगली. पण हॅनेकेने वहीत पाहिलं आणि पुन्हा विचारलं, “नक्की?”

आता हो म्हटल्यावर पुन्हा विचारतं का कुणी? आमच्याकडे तरी हे कधी झालेलं नाही. बाईंना वाटलं, आपला हावरटपणा उघडा पडला, दुसरं काय. “तीन चालतील,” त्या पुटपुटल्या.

“अगदी नक्की?”

“दोन. नाहीतर एकच द्या, आणि तीही दुपारची.”

कोलमनने खुर्चीच्या ट्रेवर मूठ आपटली. मग तो बोलला. त्याच्या एकेका शब्दाला वेळ लागत होता, आणि हॅनेके पेन हातात धरून थांबून राहिली.

“लिहा. मी आईला कंटाळलोय. मी झोपलोय का ते बघायला ती मला उठवते. आणि तीही मला कंटाळलीय, फक्त सांगत नाही.”

‘काहीतरीच काय’ हे शब्द बाईंच्या ओठांवर आले होते. पण त्यांनी चादरीचं टोक हातात घेतलं आणि त्याच्या घड्या घालू लागल्या.

“परवा याची कूस बदलताना पलंगावर डोकं टेकलं,” त्या म्हणाल्या, “आणि तशीच झोपले, गुडघ्यांवर. उजाडलं तेव्हा यानेच हाक मारून उठवलं. याचा कंटाळा नाही हो मला. पण मी दमलेय. मला चार रात्री द्या.”

एवढं बोलून बाई रडल्या. अकरा वर्षांत कुणासमोर रडल्या नव्हत्या. हॅनेकेने चारचा आकडा लिहिला, वही मिटून पिशवीत टाकली आणि विचारलं, “ओव्हनमध्ये केक आहे ना?”

जूनमध्ये चार रात्री मिळाल्या. फिलोमिनाने वर्षभराच्या भानगडी सांगायला साठवून ठेवल्या होत्या. पहिल्याच भानगडीच्या मध्यात बाई घोरायला लागल्या. पहिले दोन दिवस त्या फक्त खायला उठल्या. तिसऱ्या दिवशी पाय समुद्रात बुडवले. पाचव्या दिवशी सकाळी नाक उन्हाने लालबुंद करून त्या विसावाघराच्या दारात हजर झाल्या.

कोलमन बॅग मांडीवर घेऊन तयार होता. पत्त्यांत त्याने काड्यापेटीतल्या सत्तावन्न काड्या जिंकल्या होत्या आणि त्याच संध्याकाळी अंतिम सामना होता. हॅनेके कसं काय चाललंय ते बघायला आली होती. ती म्हणाली की एकाने ऐनवेळी नाव काढून घेतलंय, एक खोली आज रिकामी आहे, कोलमनला अजून एक रात्र राहायचंय का?

कोलमनने आईकडे पाहिलं. आईच्या लाल नाकाकडे, छातीशी धरलेल्या पर्सकडे.

“नको,” तो म्हणाला. “आई घरी एकटी असते. दुसऱ्या कुणाला द्या.”

हॅनेके मान डोलावून रजिस्टरातलं त्याचं नाव खोडायला वाकली, तोच अट्रॅक्टाबाईंनी आपली पर्स धाडकन रजिस्टरवर ठेवली.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “त्याला अजून दोनदा विचारा.”