झुंजार पराभवांचा चाहता

आमच्या शहराची मुलींची खो-खोची टीम कधीच हरली नाही. हे मी म्हणत नाही, आमची वर्तमानपत्रं म्हणत. टीम 'झुंजली', 'निसटत्या फरकानं मागं पडली', 'अनुभवात कमी पडली' आणि एका वर्षी तर 'मनं जिंकून परतली'. कुणाची मनं जिंकली ते बातमीत नव्हतं. कप मात्र दर वर्षी पुण्याच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसून जायचा, आणि आम्ही सायकली हातात धरून त्या बसची धूळ खात उभे असायचो.

खो-खोच का, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. इतर शहरांतली माणसं आपल्याला आवडणारा खेळ निवडतात. आमच्याकडं निवडीला वाव नव्हता. क्रिकेटची टीम होती, पण ती बाहेरगावी जाऊन हरायची, त्यामुळं त्या दुःखात सहभागी व्हायला एस.टी.चं तिकीट काढावं लागे. खो-खोवाल्या मुली आमच्या डोळ्यांदेखत, घरच्या मैदानावर हरत. माझ्यासारख्या सरकारी खात्यातल्या कारकुनाला हेच सोयीचं होतं. माझे वडील खुलताबादचे, पोलीस ॲक्शननंतर शहरात आले. निजाम गेला, आता आपले दिवस येतील, असं ते म्हणत. बरेच दिवस आले. पुढं तर शहराचं नावसुद्धा बदललं. निकाल तेवढा तसाच राहिला.

आमची मंडळी औरंगपुऱ्यात एका सायकलच्या दुकानाबाहेरच्या बाकावर जमत. दुकान माझ्या मित्राचं. आम्ही एका वर्गात होतो. तो नापास झाला आणि वडिलांच्या दुकानात बसला, मी पास झालो आणि कारकून झालो. दोघांत शहाणा कोण ठरला ते सांगायची गरज नाही. पंक्चर काढता काढता तो पुढच्या सामन्याची टीम निवडायचा, आणि त्याची टीम खऱ्या टीमपेक्षा नेहमी बरी असायची. घरात उर्दू, गिऱ्हाइकाशी मराठी आणि टीम हरली की त्याची खास दखनी, असा त्याचा हिशेब होता. त्यामुळं त्याची दखनी आम्हाला फार ऐकायला मिळे.

आमच्या हरण्याला कारणं होती, आणि ती आम्हाला पाठ होती. आपण यजमान, म्हणून आमच्या मुली आधी स्वागतगीत म्हणत. मग पाहुण्यांना गुलाबाची फुलं देत. मग प्रमुख पाहुणे उशिरा येत आणि खेळाडूंनी वेळेचं महत्त्व कसं ओळखावं यावर बोलत. तोवर आमच्या मुली उन्हात रांगेत उभ्या. पुण्याच्या मुली मांडवात पाय पसरून ग्लुकोजचं पाणी पीत बसलेल्या. त्यानंतर सामना. पहिल्याच पळतीत आमच्या दोघी-तिघी पटापट बाद झाल्या की मित्र म्हणे, "गाना अच्छा गाया लेकिन."

एवढं करून एखादी मुलगी चांगली निघालीच, तर तिला पुणं उचलून न्यायचं. होस्टेल, कॉलेजात प्रवेश, पुढं नोकरी. आमच्याकडून काय मिळायचं, तर शाल आणि नारळ. अशी मुलगी गेली की बाकावर कुणीतरी उसासा टाकून म्हणे, "गेली बिचारी." नवखा माणूस घाबरून विचारी, "कशानं?" "पुण्यानं." मग दहाव्या दिवशी आम्ही तिच्या नावानं चहा घेत असू. दहाव्याचा चहा, असंच त्याला म्हणत. चहा झाला की त्या मुलीचं नाव बाकावर घ्यायचं नाही. हा नियम माझाच. चहा होईपर्यंत गेलेल्या मुलीबद्दल मी जे जे बोलत असे, ते इथं लिहिण्यासारखं नाही. शहराशी गद्दारी, हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द.

मग माझी मुलगी खेळायला लागली.

मी तिला शिकवलं असं म्हणणार नाही. मला कुठं खेळता येत होतं? पण उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत विजेचे दोन खांब बरोबर अंतरावर होते. रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की मी तिच्यामागं पळायचो. ती एका खांबाकडून दुसऱ्याकडं, मी धापा टाकत मागं, आणि शेजारीपाजारी ओट्यावर बसून हसत. बायको म्हणे, "अहो, तुमचं वय काय, तिचं काय! पडाल कुठंतरी." पडलोही. पण पोरगी हाताला लागायची नाही. फक्त तिची एक खोड माझ्या लक्षात आली होती. खांबाशी आली, की निसटण्याआधी ती ज्या बाजूला जायचं त्याच्या उलट बाजूला मान वळवून बघायची. दर वेळी. मान उजवीकडं वळली की समजावं, ही डावीकडून जाणार. मी तिला हे कधी सांगितलं नाही. घरात एखादं तरी माणूस मला पकडता यायला हवं होतं.

ती शहराच्या टीममध्ये आली तेव्हा बाकावर दिवाळी झाली. मित्रानं तिच्या सायकलला नवी घंटी बसवली. "अपनी बच्ची है," तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "अब देखना." पाहिलं. दोन वर्षं ती आमच्याकडून खेळली आणि दोन्ही वर्षं आम्ही निसटत्या फरकानं मागं पडलो. फरक निसटता होता तो तिच्यामुळं, एवढं खरं.

आणि मग पुण्याहून बोलावणं आलं.

रात्री जेवायला बसलो. मुलगी ताटाकडं बघत होती. बायको माझ्याकडं बघत होती. शेवटी तीच म्हणाली, "बोला की आता. बाकावर तर लई बोलता."

मी म्हणालो, "होस्टेलात जेवण बरं असतं का?"

माझं आयुष्यभराचं धोरण या एका वाक्यात संपलं. मुलगी हसली आणि रडलीही. आठवड्याभरात तिला बसमध्ये बसवून आलो. बाकावर गेलो. कुणीतरी चाचरत दहाव्याचं काढलं, तेव्हा मित्र हातातला पाना आपटून उठला. "बच्ची के नाम का चाय नक्को. जिंदी है वो." नियम मोडला तो त्यानं, माझ्यासाठी. मला त्या क्षणी त्याचे पाय धरावेसे वाटले. मी त्याच्या दुकानातला पंप उचलून उगाच हवा मारत बसलो.

पुढच्या वर्षी स्पर्धा नेहमीसारखी आमच्याच शहरात, आणि अंतिम सामना आम्ही विरुद्ध पुणं. त्या वर्षी आमच्या मुली खरोखर चांगल्या होत्या. म्हणजे इतक्या, की स्वागतगीत म्हणूनसुद्धा त्यांच्यात पळायचं बळ उरलं होतं. शेवटच्या डावात पाठलाग आमचा होता आणि आम्ही बरोबरी गाठली. अजून वेळ शिल्लक होती. एक गडी बाद केला की कप आमचा. मैदानात पुण्याची एकटीच उरली होती, ती माझी मुलगी.

मी लहानपणापासून या क्षणाची वाट बघत होतो. त्याच्यात ती असेल, असं काही ठरलं नव्हतं.

ती पळत होती. काय पळत होती! आमच्या मुली खो देत होत्या, उठत होत्या, सूर मारत होत्या आणि हातात माती येत होती. दर वेळी खांबाशी मान वळे, उजवीकडं, आणि ती डावीकडून पसार. सगळ्या मैदानात हे फक्त मला दिसत होतं. माझा आवाज साऱ्या खेळाडूंना माहीत. मी ओरडलो की आमच्या मुली ऐकत. नाही ऐकलं तर संध्याकाळी बाकावरून ऐकावं लागे.

मित्रानं माझा दंड धरला. "मियां, तू तो रोज दौडाता था उसको गल्ली में. खंबे के पास क्या करती वो? बोल ना."

मी चपलेतला खडा काढायला वाकलो.

"बोल ना यार! टाइम जा रहा है!"

"माहीत नाही," मी म्हणालो.

तो माझ्याकडं बघत राहिला. इतकी वर्षं एका बाकावर बसलेला माणूस, त्याला माझं खोटं कळायला वेळ लागत नाही. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं फक्त दंड सोडला. "हौ. औलाद है," म्हणाला, आणि उठून चार माणसं ओलांडून पलीकडं जाऊन बसला. वेळ संपल्याची शिट्टी झाली. जादा डाव झाला, आणि त्यात पुण्यानं आम्हाला नेहमीच्या सफाईनं गुंडाळलं. वर्तमानपत्रात 'झुंज अपयशी' आलं. कुणाची ते मला ठाऊक होतं.

निघायच्या आधी मुलगी मला भेटायला आली. कप तिच्याच हातात होता. "बाबा, तुमचा आवाज नाही आला आज. बरं नाही का?"

"घसा बसलाय," म्हणालो. तिनं लगेच पिशवीतून खडीसाखर काढून दिली.

मी बाकावर जायचं टाळलं नाही, फक्त राग निवळायला थोडे दिवस जाऊ दिले. मला वाटलं, चिडतील, शिव्या घालतील, मग चहा मागवतील. दहावा दिवस असेल, संध्याकाळी गेलो तर चहा आधीच चालू होता. सगळे गंभीर. मी विचारलं, "कोण गेलं?"

मित्र बशीत फुंकर मारत म्हणाला, "तू."

मला हसू आलं. त्याला आलं नाही. मी बसायला जागा शोधली, तर बाक भरलेला होता. खरं तर नेहमी तेवढेच असत, पण त्या दिवशी कुणी सरकलं नाही. मी उभ्याउभ्या इकडचं तिकडचं बोललो आणि घरी आलो. नियम माझाच होता, तेव्हा तक्रार कुणाकडं करणार? मला फार वाईट वाटलं. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "चार दिवसांत बोलतील. लहान लेकरं आहात का?" लहान लेकरं असतो तर चार दिवसांत बोललो असतो.

पुढच्या स्पर्धेला मी पलीकडच्या बाजूला बसलो. पाहुण्यांच्या मांडवात पुण्याच्या खेळाडूंचे आईवडील असत. फार सुसंस्कृत माणसं. घडीच्या खुर्च्या, थर्मास, आणि वेळेवर टाळ्या. एका बाईंनी मला बिस्किट दिलं आणि इकडं धूळ फार आहे, नाही का, असं विचारलं. मी म्हणालो, आहे. जन्मभर ती धूळ खाऊनही आमच्या धुळीबद्दल परक्यानं बोललेलं मला चालत नाही, पण बिस्किट तोंडात होतं.

आणि त्या वर्षी आमच्या मुली जिंकल्या.

कसं झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. शेवटचा गडी पुन्हा माझीच मुलगी. आमची एक काटकुळी मुलगी तिच्या मागं होती. खांबाशी आल्यावर माझ्या मुलीनं मान उजवीकडं वळवली, आणि त्या काटकुळीनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ डावीकडं सूर मारला. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं आपलं बघून ठेवलं होतं. शिट्टी, आरडाओरडा, ताशा. पलीकडं माझा मित्र, गुडघ्यांचं दुखणं विसरून, दोन्ही हात वर करून नाचत होता. मी त्याला इतक्या वर्षांत नाचताना पाहिलं नव्हतं. नाचायला कारणच कुठं मिळालं होतं?

मी उभा राहिलो. माझ्या तोंडून केवढी तरी मोठी आरोळी निघाली आणि मांडवातली सगळी सुसंस्कृत मंडळी माझ्याकडं वळली. मैदानाच्या मधोमध माझी मुलगी मातीत बसून रडत होती. आधी तिच्याकडं गेलो. तिचे खांदे धरून उठवलं, पाठीवरून हात फिरवला. मला तिच्यासाठी खरोखर वाईट वाटत होतं, आणि छातीत आनंद मावत नव्हता. दोन्ही खरं होतं. ती तिच्या मैत्रिणींत गेली, तसा मी मैदान ओलांडून निघालो. ठरवलं होतं, मित्रानं मारलं तरी चालेल, आज त्याला मिठी मारायचीच.

आखलेल्या रेघेपाशी बिल्ला लावलेल्या एका कार्यकर्त्यानं मला अडवलं. मला ओळखत नव्हता. त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा होता आणि जिंकल्यामुळं तो भलताच उदार झाला होता. त्यानं माझ्या हातावर पेढा ठेवला आणि माझा खांदा थोपटला.

"वाईट वाटून घेऊ नका, काका. तुमचं पुणं पुढच्या वर्षी जिंकंल. बस तिकडं लागलीय."

त्याच्या मागं, ताशाच्या गर्दीत, माझ्या मित्राची पाठ दिसत होती. हाक मारली असती तरी ऐकू गेली नसती. मी बरं म्हणालो, पेढा तोंडात टाकला आणि पाहुण्यांच्या बसकडं चालू लागलो.