बिनआवाजाची सायकल

वऱ्हाडातल्या लोकांना सकाळचा पेपर उघडायला नको वाटायचं, त्या वर्षांत मी एका संस्थेसाठी पाहणीचं काम करत होतो. अमरावती आणि अकोला जिल्ह्यातल्या ज्या घरच्या कर्त्या माणसानं स्वतःला संपवलं, त्या घरी जायचं, ओसरीवर बसायचं आणि आठ पानांचा फॉर्म भरायचा. वय, शिक्षण, पीक, आजार, त्या दिवशी घरात कोण होतं. प्रश्न ठरलेले होते. मी फक्त विचारायचं आणि लिहायचं.

पहिल्या आठवड्यात घरी आल्यावर जेवण जायचं नाही. पोळ्याला काम सुरू केलं होतं. दसरा आला तेव्हा मी दोन घरांच्या मध्ये बाभळीखाली मोटरसायकल उभी करून डबा संपवू लागलो होतो. भाजीत मीठ कमी आहे, हेसुद्धा कळायचं.

त्याच सुमारास दर्यापूरच्या पुढे, खारपाणपट्ट्यातल्या एका गावी गेलो. गल्लीत वळलो आणि मोटरसायकल थांबायच्या आत एक लहान मुलगी घरातून धावत बाहेर आली. पाय अनवाणी, हातात अर्धी भाकरी. माझ्यापासून दोन हातांवर ती थांबली. माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग परत आत गेली.

दारात बसलेली म्हातारी म्हणाली, "तिच्या बापाचीबी अशीच गाडी होती, साहेब. आवाज आला का पोट्टी धावते."

मुलीची आई वावरात गेली होती, म्हणून म्हातारीनं सांगितलं तेवढंच लिहिलं. मुली: एक. वय: सहा. अक्षर नेहमीसारखं नीट आलं. उरलेली पानं आईला विचारून भरायला पुन्हा यावं लागणार होतं.

परतीच्या वाटेवर लक्षात आलं की मला काहीच झालं नाही. दात काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की आपण हिरडी बोटानं चाचपून पाहतो, तसा मी त्या मुलीचा चेहरा मुद्दाम पुन्हा पुन्हा आठवून पाहिला. काही नाही. शेवटी मी पुढच्या गावाचा रस्ता कुठून फुटतो त्याचा विचार करू लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीला किक मारली नाही. मारायची नाही असं काही ठरवलं नव्हतं. पाय किकवर ठेवला, उभा राहिलो, आणि पाय खाली घेतला.

बायको दारातून पाहत होती. "काय झालं? पेट्रोल नाही का?"

"आहे."

"मंग?"

"बसनं जातो."

बसनं पंधरा दिवस गेलो. पण त्या गावांना दिवसातून एकदा बस, तीही चुकली तर दिवस गेला. ओट्यावर गिअरची सायकल पडून होती. डोंगरात चालवायची, जाड टायरची. डॉक्टरांनी वजन कमी करा म्हटल्यावर घेतलेली. ती काढली. अमरावतीच्या घरून बडनेऱ्यापर्यंत ठीक गेलो. त्यापुढे दोन दिवसांत गुडघा असा सुजला की पँट चढेना. तेव्हा मला अकोल्याचे चाचा आठवले.

चाचांचं दुकान कापड बाजाराच्या मागच्या गल्लीत. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडून तांब्याची तार नव्यानं भरायचं त्यांचं काम. आमच्याकडे त्याला वाइंडिंग म्हणतात. आमचे वडील त्यांच्याकडेच मोटार न्यायचे, म्हणून ते मला लहानपणापासून ओळखत. पूर्वी दुकानात पाय ठेवायला जागा नसे. आता दोन मोटारी होत्या.

"पानीच नाही बेटा, तर मोटार जळते कायले?" ते म्हणाले. "तू काय आनलं?"

मी सायकल दाखवली आणि काय हवं ते सांगितलं. एका दमात शंभर किलोमीटर जाईल, मातीच्या वाटेवर चढेल, आणि आवाज करणार नाही, अशी विजेची सायकल.

नागपूरच्या एका व्यापाऱ्याकडून मी मागच्या चाकाच्या मधोमध बसणारी, कढईएवढी मोटार मागवली होती. चाचांनी ती हातात फिरवून पाहिली, पाठीमागे लिहिलेलं चष्मा वर करून वाचलं आणि हसले. "हजार वॅट. म्हंजे सव्वा घोडा. सायकलले सव्वा घोडा? उडतं काय तू?"

पुढचे दोन-अडीच महिने दर रविवारी मी पॅसेंजरनं अकोल्याला जात राहिलो.

बॅटरी आम्ही जुन्या लॅपटॉपच्या सेलांची केली. दुरुस्तीवाल्यांकडून फेकायला काढलेल्या बॅटऱ्या गोळा केल्या, त्या फोडल्या आणि आतले बोटाएवढे सेल वेगळे केले. प्रत्येक सेल पूर्ण चार्ज करायचा, आठवडाभर ठेवायचा आणि मग मीटर लावून किती उतरला ते पाहायचं. ज्याचा विजेचा दाब उतरला तो बाद. मी प्रत्येक सेलवर मार्करनं आकडा लिहीत असे. ते काम मला बरं वाटायचं. समोरून कोणी काही सांगत नव्हतं. मीटर दाखवी, मी लिही.

टिकलेले दीडशेच्या वर सेल चाचांनी निकेलच्या पट्ट्यांनी जोडले. त्यासाठी लागणारं छोटं वेल्डिंगचं यंत्र त्यांनी एका जुन्या ट्रान्सफॉर्मरला जाड तार भरून स्वतःच बनवलं. सायकलच्या सांगाड्याच्या तिकोनात बसेल असा पत्र्याचा डबा केला, आत फोमच्या पट्ट्या लावल्या आणि गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्याकडून वर रेक्झीनचं कव्हर शिवून घेतलं.

एका रविवारी चाचांनी विचारलं, "सच बोल. गाडी हाय तुझ्याकडं. मंग हे कावून करून राहिला?"

मी सांगितलं. गल्ली, मुलगी, भाकरी. बायकोलाही सांगितलं नव्हतं. सांगताना माझा आवाज फॉर्म वाचून दाखवल्यासारखाच येत होता.

चाचा त्या वेळी कुणाच्या तरी पंपाची तार गुंडाळत होते. हात चालू होता, मग थांबला. त्यांनी गुंडाळलेली सगळी तार उलगडली आणि पुन्हा एकपासून वेढे मोजायला लागले.

पहिल्या चाचणीतच फजिती झाली. मी गल्लीत सायकल काढली, मूठ पिळली, आणि मोटारीनं चाक फिरवायच्या ऐवजी स्वतःचा आसच गर्रकन फिरवला. आसातून येणाऱ्या वायरी पिळून तुटल्या, एकमेकींना चिकटल्या, धूर निघाला. वास पसरला तशी शेजारची दुकानं बाहेर आली.

मी बाजूला उभा राहून पाहत होतो. चाचा म्हणाले, "अरे, दोन महिन्यांची मेहनत जळून राहिली तुझी! कमीत कमी गाली तर दे!"

मला शिवी सुचली नाही. "आता काय करायचं?" एवढंच विचारलं.

"करायचं काय? हेच तर माझं काम हाय." त्यांनी मोटार उघडली, जळालेली तार काढली आणि पहिल्यापेक्षा थोडी जाड तार भरली. लेथवाल्याकडून पोलादाच्या दोन पट्ट्या कापून आणल्या. त्या आसाला दोन्हीकडून धरून सांगाड्याला आवळल्या. आस जाग्यावरून हलेना.

डिसेंबरात मी अकोल्याहून अमरावतीला सायकलवर आलो. जमेल तिथे पायडल मारलं, बाकी मोटार. मूर्तिजापूरला चहा घेतला. ट्रकवाले खिडकीतून वाकून पाहत होते. चढावर मी एका मोपेडला मागे टाकलं. टायर डांबरावर सरसरत होते, बाकी काही ऐकू येत नव्हतं. दुपारी घरी पोचलो तर चाचांचा फोन.

"पोचला?"

"पोचलो."

"बॅटरी?"

"उरली थोडी."

"अन तू?"

"पंच्याण्णव किलोमीटर झालं," मी म्हणालो.

संक्रांतीनंतर त्या गावी परत गेलो. आदल्या रात्री लाईन गेल्यामुळे बॅटरी पुरती भरली नव्हती, आणि सकाळपासून समोरून वारा होता. गाव चार किलोमीटरवर असताना मोटार बंद पडली. पस्तीस किलोची सायकल पायडल मारत, मग ढकलत, गल्लीत आणली. कोणी धावत आलं नाही. मुलगी अंगणातच बसली होती. तिनं मला पाहिलं आणि ओळख दाखवली नाही.

या वेळी तिची आई घरी होती. तिशीतली, सडपातळ बाई. उरलेली पानं अर्ध्या तासात भरून झाली. तिनं सगळी उत्तरं सरळ दिली, माझ्यापेक्षाही सरळ. मग मी विचारलं, "ताई, ही सायकल थोडा वेळ चार्जिंगला लावू का?"

"लावा न, भाऊ. पण लाईन दोन वाजता येते. किती वेळ लागते?"

"तीन-चार तास."

तिनं सायकलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मंग बसा. जेवा."

एवढ्या महिन्यांत फॉर्म भरून झाल्यावर मी कुठल्या घरी बसलो नव्हतो. पेनाला टोपण लावलं की उठायचो. आता उठून जाणार कुठे? भाकरी आणि झुणका खाल्ला. मग म्हातारी कापसाच्या ढिगापुढे बसली होती, तिच्या समोर बसलो. कापसात अडकलेल्या वाळक्या पानाचा चुरा ती वेचून काढत होती. मीही काढू लागलो.

बराच वेळ गेल्यावर म्हातारी म्हणाली, "त्या दिवशी तुमी येऊन गेले अन पोट्टीनं दोन दिवस भाकर नाही खाल्ली."

माझे हात थांबले. छातीत काही हललं का पाहिलं. नव्हतं हललं. मी परत चुरा वेचू लागलो.

लाईन आली, सायकल लावली, चार्जरचा लाल दिवा लागला. तेव्हा मुलीची आई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "भाऊ, तुमाले मशीनचं समजते वाटते. एक काम होतं."

तिनं मला गोठ्यात नेलं. खताच्या पोत्यांखाली तिच्या नवऱ्याची मोटरसायकल उभी होती. माझ्या गाडीसारखीच, फक्त टाकी लाल. "हे चालू करून द्या. वावर लांब हाय, फवाऱ्याचं पानी डोक्यावर न्या लागते. मले शिकाचं हाय."

मी म्हणालो, "ताई, आवाज होईल."

"होईल न."

"मुलगी..."

"तिलेच बोलावते," ती म्हणाली. "ए पोरी, इकडं ये व. पाना आन आजीच्या खाटेखालचा."

मुलगी पाना घेऊन आली आणि उकिडवी बसली. मी प्लग काढला, काजळी घासली, कार्ब्युरेटर उघडून साफ केला. कुठला स्क्रू कुठे जातो ते ती तळहातावर धरून लक्षात ठेवत होती. शेजाऱ्याकडून बाटलीभर पेट्रोल आणलं. सातव्या-आठव्या किकला गाडी चालू झाली.

गोठ्यात तो आवाज फार मोठा वाटला. म्हातारी अंगणातून ओरडली, नुसतीच, शब्द नव्हते त्यात. मुलीनं दोन्ही कान दाबले आणि आईकडे पाहिलं. आई गाडीवर बसली होती, साडी खोचून, दोन्ही मुठी घट्ट धरून. गिअर न टाकता ती नुसती मूठ पिळत राहिली. आवाज वाढे, कमी होई. थोड्या वेळानं मुलीनं एका कानावरचा हात काढला. मग दुसऱ्यावरचा. मग ती टाकीवर चढून बसली.

मी तिच्या आईला क्लच आणि गिअर समजावून सांगितले. गावामागच्या मोकळ्या जागेत तिनं चार फेऱ्या मारल्या, दोनदा गाडी बंद पडली, एकदा माझ्या अंगावर आली. पाच वाजता मी सायकल काढून निघालो. ती म्हणाली, "येजा भाऊ, कदी." फॉर्म मला आठवलाच नाही. तो मी म्हातारीच्या कापसाजवळ विसरलो होतो आणि मुलगी तो घेऊन पळत आली.

उन्हाळा लागेपर्यंत उरलेली घरं केली. सायकल मध्येच चार्ज करावी लागे, म्हणून बसावं लागे. कुठे शेंगा फोडल्या, कुठे दोरीला पीळ दिला, कुठे नुसता बसलो. मला त्यामुळे काही वाटायला लागलं, असं म्हणणार नाही. बायको म्हणायची, "तुमी घरात असता, पण घरात कोणी हाय असं वाटत नाही." मी ऐकून घेत असे. फॉर्म सगळे जमा केले, संस्थेनं आभाराचं पत्र दिलं, काम संपलं.

त्यानंतरच्या एका सकाळी बायको म्हणाली, "मले चालवू द्या बरं हे सायकल एकदा." आम्ही छत्री तलावाच्या रस्त्याला गेलो. मी तिला बजावलं की मूठ हळू पिळ. तिनं हळूच पिळली असेल; पण सव्वा घोडा होता तो. सायकल पुढे उसळली आणि ती रस्त्याच्या कडेला मुरुमात पडली.

मी धावलो. ती उठून बसली होती. कोपर सोलवटलं होतं, रक्त येत होतं, आणि ती हसत होती. "मले काई नाही झालं. सायकल पाहा आधी."

मी सायकल पाहिली नाही. तिचा दंड धरला, आणि माझे हात थरथरायला लागले. आधी हात, मग खांदे, मग दातसुद्धा वाजू लागले. मी तिच्या शेजारी मुरुमात बसलो. माझ्या तोंडून कसला तरी आवाज येत होता, तो मला थांबवता येईना. फिरायला आलेली दोन माणसं थांबली. एकानं विचारलं, "कोन पडलं? हे का त्या बाई?"

"मी पडली," बायको म्हणाली. "तुमी जा भाऊ, आमी पाहतो आमचं."

ती माणसं गेली. तिनं पदराचं टोक कोपराला गुंडाळलं आणि दुसरा हात माझ्या पाठीवर ठेवला. ऊन वर येईपर्यंत आम्ही तिथेच होतो. मग सायकल ढकलत, पायीच घरी गेलो.