वर्ष आधी, महिना मग

लातूरच्या गंजगोलाईत गुरुपादप्पांचं भांड्यांचं दुकान आहे. भांडी गुरुपादप्पा विकायचे आणि विकलेल्या भांड्यांवर नावं त्यांची बायको उमादेवी घालायच्या. लग्नसराईत त्यांना दुपारचं जेवायलाही उसंत नसायची. माहेर निलंग्याच्या पुढचं, कर्नाटकाला लागून असलेलं गाव. घरात कानडी, शाळेत मराठी, आणि शाळाही आठवीपर्यंतच. पण अक्षर असं सुबक, की भांडी दुसरीकडे घेतलेली माणसंसुद्धा नाव घालायला इथं यायची.

चार वर्षांपूर्वी शेषेराव नावाचे गृहस्थ मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायला आले. ते मूळचे उमरीचे. लातूरच्या एमआयडीसीत गॅसचे सिलिंडर बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर. एकावन्न भांड्यांवर नावं पडेपर्यंत ते स्टुलावर बसून उमादेवींचा हात बघत राहिले. उठताना म्हणाले, "वहिनी, लोखंडावर असाच हात चालंल का?"

"अक्षर ते अक्षरच की," उमादेवी म्हणाल्या. "खाली काय हाय ते बघून जोर लावायचा."

झालं असं होतं, की कारखान्याला पहिल्यांदाच परदेशाची ऑर्डर मिळाली होती. केनियातल्या दवाखान्यांसाठी ऑक्सिजनचे दोनशे लहान सिलिंडर. आपल्याकडे फिरणाऱ्या सिलिंडरवर खुणा असतातच, पण देशाबाहेर जाणाऱ्यावर त्या ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या उंचीच्या अक्षरांत ठोकाव्या लागतात. सिलिंडर कुठल्या नियमाने बनला, कुठल्या देशात, कुणी आणि कधी तपासला, किती दाब सोसला, वजन किती, पोलादाची जाडी किती, सगळं त्याच्या खांद्यावर, म्हणजे मानेखालच्या गोलाईवर, तीन ओळींत. शिवाय एका गोलात यू आणि त्याच्या खाली एन. ही गोलाची खूण असली म्हणजे कुठल्याही बंदरावर कळतं, की तपासून, मंजुरी घेऊन आलेला माल आहे. खुणा ठोकायचं यंत्र यायला अजून वर्ष होतं. तोवर हातानेच ठोकायच्या होत्या.

त्याच कामाला शेषेरावांनी उमादेवींना बोलावलं. गुरुपादप्पा पहिले आठ दिवस नको म्हणाले. नवव्या दिवशी स्वतःच स्कूटरवरून त्यांना कारखान्याच्या फाटकाशी सोडून आले. पुढे दुकानात नावं घालायचं त्यांच्याच अंगावर आलं आणि त्यांचं अक्षर बघून गिऱ्हाइकं संध्याकाळी भांडी घेऊन घरी येऊ लागली. याचं हसू उमादेवींना अजूनही आवरत नाही.

कारखान्यात त्यांनी दोन महिने नुसत्या भंगाराच्या तुकड्यांवर हात बसवला. तिथले पंच, म्हणजे अक्षरं ठोकायचे खिळे, टोकाला गोलसर असतात, कारण धारदार ठोका पडला तर नेमकी तिथूनच चीर जायची भीती. हलका ठोका पडला तर रंगाखाली अक्षर बुजतं. सुरुवातीला रोज संध्याकाळी मनगट सुजायचं. गुरुपादप्पा न बोलता हळद गरम करून आणून द्यायचे.

मालाच्या तपासणीला बेंगळुरूहून सिद्धलिंग नावाचे अधिकारी आले. दोनशे सहा सिलिंडर त्यांच्यासमोर पाणी भरून दाबाला लावले होते. सहा जास्तीचे, काही वाया गेलंच तर असावेत म्हणून. सगळे कसोटीला उतरले. खुणा ठोकायला हरकत नाही असं सांगून साहेब ऑफिसात चहाला गेले. शेषेरावांनी काय ठोकायचं त्याची चिठ्ठी उमादेवींच्या हातात दिली आणि काम सुरू झालं.

चार सिलिंडर झाल्यावर पाठ मोकळी करायला त्या उभ्या राहिल्या. समोर भिंतीवर खुणांचा मंजूर झालेला नकाशा लावलेला होता. तपासणीच्या तारखेच्या जागी त्यात वर्ष आधी होतं, मग तिरकी रेघ, मग महिना. चिठ्ठीत महिना आधी होता. इतकी वर्षं देशातल्या मालावर महिनाच आधी लिहायची शेषेरावांना सवय. चिठ्ठी लिहितानाही त्यांचा हात सवयीनं चालला होता.

उमादेवींनी हातोडा खाली ठेवला आणि शेषेरावांना बोलावून दाखवलं. त्यांनी चिठ्ठी बघितली, नकाशा बघितला. मग हळू आवाजात म्हणाले, की महिना तोच, वर्ष तेच, उलटसुलट कोण बघतंय. चारच तर आहेत, बाकीचे नीट करू.

"वाचणारा माणूस लातूरचा न्हाई, भाऊ," उमादेवी म्हणाल्या. "त्याला न्हाई कळलं तर तो आपल्याला विचारायला येणार हाय का?"

ठोकलेलं घासून काढावं, तर पोलाद तेवढं पातळ होणार. ते जमणारं नव्हतं, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं. उमादेवींनी पदर खोचला आणि ऑफिसाकडे निघाल्या. शेषेरावही मागोमाग आले.

सिद्धलिंग साहेबांशी सगळे मोडक्या इंग्रजीत बोलत होते. उमादेवींना तेवढंही येत नव्हतं. त्या दारातूनच कानडीत म्हणाल्या, "सर, नाल्कु तप्पाग्यावरी." चार चुकलेत.

साहेबांनी कप खाली ठेवला. लातुरात आपली भाषा ऐकू येईल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. काय झालं ते उमादेवींनी कानडीतच सांगितलं, चिठ्ठी कुणाची हे मात्र सांगितलं नाही. ते शेषेरावांनी पुढे होऊन सांगितलं, "चिठ्ठी माझी हाय सर. बाईंनी तसंच ठोकलं."

साहेबांनी कारखान्यात येऊन चारही सिलिंडर बघितले. नकाशाशी जुळत नाहीत, जाणार नाहीत, माझ्यासमोर कापा, असं सरळ सांगितलं. बाकीच्या सिलिंडरना त्यांची हरकत नव्हती. मग उमादेवींकडे वळून कानडीत विचारलं, "अक्का, भांड्यावर चुकलं तर काय करत होता?"

उमादेवींनी सांगितलं. एकदा वर्षाराणी नावाच्या नवरीच्या ताटावर त्यांनी नवऱ्याऐवजी दिराचं नाव घातलं होतं. कन्यादानाचं ताट, आणि वऱ्हाड दारात आलेलं. मग त्यांनी त्या नावावर वेल काढली, वेलीला सात फुलं काढली आणि खाली खरं नाव घातलं. ताट सगळ्यांना इतकं आवडलं, की नवरीच्या मावशीनं वेलीच्या ताटांची पाच नगांची ऑर्डर दिली.

"इथं वेल काढता येत न्हाई सर," त्या म्हणाल्या. "म्हणून आलो सांगायला."

साहेब इतके हसले, की दाराशी बसलेला वॉचमन आत डोकावून गेला. शेषेरावही हसले, पण अर्धा तास उशिरा, चारही सिलिंडर कापून झाल्यावर.

पुढच्या पंधरा दिवसांत दोनशे दोन सिलिंडरवर खुणा पडल्या. दोनशे गेले, दोन कारखान्यात नमुन्याला राहिले. चूक सापडली त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच नियम झाला, की ठोकण्याआधी चिठ्ठी नकाशासमोर उभं राहून मोठ्यानं वाचायची आणि उमादेवींनी हो म्हटल्याशिवाय हातोडा उचलायचा नाही. वाचायचं काम शेषेराव स्वतः करायचे. एकदा सर्दीनं आवाज बसला होता, तरी वाचलं.

पुढच्या वर्षी यंत्र आलं. आता उमादेवी यंत्रावर बसतात. ठोके यंत्र मारतं, काय मारायचं ते त्या भरतात.

गेल्या महिन्यात नांदेडच्या एका गॅस भरणाऱ्या कंपनीनं त्यांना दोन दिवसांसाठी बोलावलं. बाहेरदेशातून आलेले सिलिंडर तिथं येऊन पडतात आणि त्यांच्या खांद्यावर काय लिहिलंय ते नव्या पोरींना वाचता येत नाही. उमादेवींनी त्यांना एकेक ओळ बोट ठेवून वाचायला शिकवलं. लुंबिनी नावाची एक जण सारखी प्रश्न विचारत होती. आकडा दाबाचा की वजनाचा हे कसं ओळखायचं, आणि खूण झिजली असली तर काय. उमादेवींनी सांगितलं, झिजली असली तर अंदाज करायचा नाही, भरायचा नाही, बाजूला ठेवायचा. लुंबिनीनं ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरींनी त्यांना बसस्टँडवर आणून लातूरच्या एसटीत बसवलं, सोबत पिशवीभर पेरू दिले. खिडकीची जागा मिळाली. लोह्यापर्यंत त्या बाहेर बघत होत्या. मग डोळा लागला, आणि अहमदपूर कधी गेलं ते त्यांना कळलंच नाही.