कंदील जळत होता

जिथे दिवा जळतो तिथे माणूस जगतो, यावर तुमचा विश्वास आहे का? माझ्या मामाचा होता. नांदगावकडे विहिरी खोदण्यात त्याची हयात गेली. आधी विहिरीत कंदील सोडायचा आणि तो विझला तर उतरायचं नाही, ही त्याची रीत.

शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या एका बांधकामावर आम्ही दोघे बिगारी होतो. तळघरातल्या नव्या टाकीत पाणी साचलं, म्हणून मुकादमाने पेट्रोलवरचा पंप आतच उतरवून चालवला. पाणी संपल्यावर पंप वर काढायचा होता, म्हणून मामाने आधी कंदील सोडला. ज्योत नीट जळत होती.

"मामा, आत पंपाचा धूर आहे. थांब जरा."

"भाच्या, सुरक्षेची लय पत्रकं वाचतोस. कंदिलाला कळतं ते तुला नाय कळत," म्हणत तो हसत शिडी उतरला.

त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो आणि त्याने ज्योतही विझत नाही, हे मला नंतर कळलं. मामा पंपाजवळ वाकला आणि तसाच कलंडला. गेटवर 'सुरक्षा प्रथम' असा फलक होता, पण साइटवर माणसाला बांधून वर ओढता येईल असा एकही दोर नव्हता. एक गवंडी आत उडी घ्यायला धावला. तोही पडेल म्हणून मी त्याच्या कमरेला मिठी मारली. खाली माझा मामा होता आणि मी त्याला वाचवणाऱ्याला अडवत होतो. अग्निशमन दल येईपर्यंत मामा गेला होता.

तुमच्या सोसायटीच्या टाकीत उद्या कुणी उतरणार असेल, तर वायू मोजायचं यंत्र आणि कमरेला दोर असल्याशिवाय त्याला उतरू देऊ नका.