शाळूतल्या पिवळ्या रेघा

पुरातत्त्व पाहणीसाठी ड्रोननं काढलेला फोटो मी संगणकावर मोठा केला, तेव्हा रहिमतपूरजवळच्या त्या शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या रानात पिवळ्या रेघा दिसल्या. फिकट, जरा वाकड्या, एकमेकींना छेदणाऱ्या. जमिनीखाली दगडांची ओळ असली की वर माती कमी, ओल लवकर संपते आणि तिथला शाळू शेजारच्याआधी पिवळा पडतो. रानात उभं राहून काही कळत नाही, वरून कळतं. लहान लहान चौकोन होते ते. आजचे बांध त्यांना मधूनच कापून गेले होते, म्हणजे चौकोन बांधांच्या आधीचे. फार पूर्वी कुणीतरी दगड वेचून, रचून इथं शेतं पाडली होती. किती पूर्वी, ते खणल्याशिवाय सांगता येणार नव्हतं.

आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांपेक्षा चळवळीची पत्रकंच जास्त. राबणाऱ्यांचा इतिहास कुणी लिहीत नाही, हे मी बाराखडीच्या पाठोपाठ वाचलं. राजवाडा सापडला असता तरी झाला नसता एवढा आनंद मला ते चौकोन बघून झाला.

पण वेळ थोडा होता. रानाचे मालक, सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार, शाळू निघाला की जेसीबी लावून रान सपाट करणार होते, उसासाठी. पाहणीचे प्रमुख असलेल्या आमच्या सरांनी अहवालात 'इथे खणून बघावे' एवढं लिहिलं, तर सुभेदार एक हंगाम थांबणार होते. तसं त्यांनी मला कबूल केलं होतं.

साताऱ्याच्या कार्यालयात सरांनी माझा फोटो बाजूला सारला आणि शेजारच्या रानाचा उचलला. त्यात गडद हिरव्या रेघा होत्या, पट्टीनं आखल्यासारख्या, काटकोनात वळलेल्या.

"लष्करी छावणी," सर म्हणाले. "हा तटाबाहेरचा खंदक."

"सर, ती पाइपलाइन आहे. नदीवरून पाणी आणलंय. चर बुजवला की माती भुसभुशीत राहते, पीक तिथं जोरात येतं. हा बघा व्हॉल्व्हचा चेंबर."

या भागात वाढलेलं कुणीही हे ओळखेल. सरही इथलेच. ते हसले.

"मला काय कळत नाही? पण शेतं सापडली म्हणून कोण येणार गं बघायला? छावणी म्हटलं की पुढच्या कामाला मंजुरी मिळते."

आणि त्यांनी चहात बिस्कीट बुडवलं. चूक झाली असती तर मी भांडून दुरुस्त करून घेतली असती. हा माणूस चूक निवडून घेत होता, तीही भाजी निवडावी तशी सावकाश. मला शिसारी आली.

मी सुभेदारांकडे गेले. शाळू निघाला होता. ते रानातली धसकटं गोळा करत होते.

"आवं सुभेदार, शेजारी छावणी हाय म्हणं."

"व्हय, ऐकलं की." ते मिशीत हसले. "ती पाइप मीच पुरलीया, चुलतभावाशी भांडून, त्येच्या रानातनं. पर गावाचं नाव हुतंय तर हूं दे."

"आन् तुमच्या रानातली जुनी शेतं?"

"सायबानं लिवलं असतं तर थांबलो असतो. न्हाई लिवलं. शेतंच ना, पोरी? मग त्यात बघायचं काय? आत्ता बी शेतच हाय."

"आवं, कुणीतरी एकेक दगूड वेचून ही जमीन केलीया."

"मग मी काय करतोय? दगूडच वेचतोय. फकस्त मशीननं."

घरच्या कुठल्याच पत्रकात याचं उत्तर नव्हतं.

अहवालात छावणी आली, शेतं नाहीत. माझं नाव मी त्यातून काढायला लावलं. "फार तत्त्वाची आहेस बाई," सर म्हणाले. जेसीबी आला आणि रान परातीसारखं सपाट झालं.

मग कुपवाडच्या वर्कशॉपमधून छावणीची पाटी आली, ढाल-तलवारींसकट. अनावरणाला मंडप, फेटे, हलगी. मी माझं पत्रक छापून नेलं. एका बाजूला पिवळ्या रेघा, दुसऱ्या बाजूला पाइपलाइन, खाली साध्या शब्दांत खरं काय ते. मंडपाच्या तोंडाशी उभी राहून ते एकेकाच्या हातात दिलं. लोकांनी हौसेनं घेतलं, कारण आत भडंग वाटत होते आणि कागद कमी पडले होते. बघता बघता माझ्या पत्रकांचे पुडे झाले. भाषणात सर म्हणाले, या मातीला इतिहास आहे. लोक भडंग चावत टाळ्या वाजवत होते.

पाटीखाली दगडांचा नवा चौथरा होता. दगड घडवलेले नव्हते, एका माणसाला उचलतील एवढेच. काहींना अजून काळी माती चिकटलेली. मी सुभेदारांकडे बघितलं.

"तुझंच दगूड हायती," ते म्हणाले. "वाया न्हाई जाऊ दिलं." आणि त्यांनी हातातला पुडा माझ्यापुढं धरला. "घे. लय झ्याक झालंय."

मी पुडा घेतला. भडंग त्या चौथऱ्यावर ओतलं, सगळ्यांदेखत, आणि कागदाची घडी करून घरी आणली. कागद तेलकट झालाय. पण रेघा दिसतात.